मोरपिशी फुलं आणि काचघराचा वारस

हे लिहायला मी फार टाळाटाळ केली. पोर्तुगालहून केप टाउनपर्यंत शिडाची बोट न्यायची तर प्रत्येकाने आधी मृत्युपत्र करून ठेवायचं, असं आमच्या कप्तानाने कधीच बजावलं होतं. तेव्हापासून मी कुंड्या घासल्या, काचघराच्या काचा पुसल्या, भावाचा स्वेटर उसवून पुन्हा विणला. उद्या सकाळची गाडी आहे, आता इलाज नाही.

तर मी, हेटी ब्यूशर, वय सव्वीस, राहणार ॲपलबी, कंब्रिया, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही भिडेला बळी न पडता लिहून ठेवते, की मी समुद्रावरून परतले नाही तर माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. शुद्धीबद्दल माझा भाऊ नेड याचं मत वेगळं आहे. "एवढ्याशा बोटीतून आफ्रिकेला? हेटे, तुला कार्लाइलच्या बसमध्ये उलट्या होतात!" त्याची हरकत इथे नोंदवली आहे.

कलम एक. माझी सायकल, तंबू आणि फ्रान्समध्ये द्राक्षं तोडायला होते तेव्हाची वाकडी सुरी नेडला. त्या सुरीने त्याने चीज कापू नये.

कलम दोन. किटली मेव्हिस टॉड यांना द्यायची होती. त्यांचं चिप्सचं दुकान आहे. मी या गावात पहिल्यांदा आले ती चिंब भिजून. कोण, कुठली, काही विचारलं नाही त्यांनी, नुसतं "बस. व्हिनेगर घालू का?" पण त्या या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही असा कायदा आहे. "म्हणजे सहीही मीच करायची आणि किटलीही जायची?" म्हणून रुसल्या आहेत. किटली नेडला. नेडने ती मेव्हिसबाईंच्या दुकानात विसरून यावी.

कलम तीन. एनिड फिअरन यांनी मरताना माझ्यासाठी ठेवलेलं काचघर आणि त्यातले दक्षिण आफ्रिकेचे कंद. एनिडबाईंकडे मी काचघराच्या चौकटी रंगवायला आले होते. रंग वाळेपर्यंत थांब म्हणाल्या. मग नेरीनच्या कंदांना गुलाबी फुलं आली, मग फ्रीझियाचा वास सुटला, आणि मी, जी शाळेतसुद्धा एका जागी टिकले नाही, हिवाळ्यामागून हिवाळे इथेच राहिले.

हे कंद उफराटे आहेत. त्यांच्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून हे हिवाळ्यात जागतात आणि उन्हाळाभर झोपतात. त्यांना ऊब नको, फक्त दंव लागू द्यायचं नाही. रॉकेलचा स्टोव्ह मंद ठेवावा, ऊन आलं की वरची झडप उघडावी, पाणी सकाळी आणि मातीलाच. मे महिन्यात पानं पिवळी पडली की पाणी बंद. मग सप्टेंबरपर्यंत नुसती सुकी माती दिसते. तिच्याकडे बघून दया येऊ द्यायची नाही.

कलम चार. दयेवरून आठवलं. माझे शेजारी मिस्टर क्लेमेंट स्टॅग. भाज्यांच्या प्रदर्शनासाठी मनगटाएवढ्या जाडीचे लीक, म्हणजे कांद्याच्या पातीचे थोरले भाऊ, पिकवतात आणि त्यांना भाचरांसारखे जपतात. एनिडबाई गेल्या त्या उन्हाळ्यात मी स्कॉटलंडला बेरी तोडायला गेले होते. मिस्टर स्टॅग यांनी कुंपणावरून सुक्या कुंड्या पाहिल्या. वाटलं, पोरगी दुःखात पाणी घालायला विसरली. मग रोज, मनापासून, झारी भरभरून. मी परत आले तर कुंड्यांमध्ये लगदा. एनिडबाईंनी बियांपासून वाढवलेली लॅशेनेलियाही त्यातच गेली, तिची फुलं मोरपिशी. तो रंग मी दुसऱ्या कुठल्या फुलात पाहिला नाही.

"बुडवून मारलंत त्यांना!" मी कुंपणावरून ओरडले.

"अगं पोरी, तहानलेले दिसले गं," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. तरी दर ख्रिसमसला माझ्या दारात लीकची जुडी असते. मी ती खाते. मिस्टर स्टॅग यांना मी माझ्या रागाखेरीज काहीही ठेवत नाही. राग आता फारसा उरलेला नाही, जेवढा निघेल तेवढा घ्यावा.

कलम पाच. मी बुडो अगर पोहोचो, कंदांना उद्यापासूनच माणूस लागणार आहे. नेड म्हणतो, "स्वयंपाकघरात नेतो, रेडिएटरजवळ मस्त गरम राहतील." म्हणजे लांबुडकी पानं काढतील आणि माना टाकतील. काचघर व कंद मी पुढील व्यक्तीच्या स्वाधीन करते, आज आणि माझ्यानंतरही:

.....................

ही जागा दुपारपासून रिकामी आहे. कोणी मिळालं नाही तर पहिल्या कडाक्याच्या थंडीत सगळे जातील. मग मी केपच्या डोंगरात त्यांचे भाऊबंद कुठल्या तोंडाने बघू?

ठिकाण: ॲपलबी. दिनांक: ६ नोव्हेंबर १९९७.
साक्षीदार पहिल्या: मेव्हिस टॉड.
साक्षीदार दुसरे: मेव्हिसबाईंचे यजमान, बर्ट टॉड.

बर्ट टॉड खोडावं. त्यांचा पाय सुजलाय. मेव्हिसबाई आत्ताच आल्या, आणि बर्टच्या जागी धरून आणलंय मिस्टर स्टॅग यांना. "हाच मोकळा सापडला. भांडू नका, माझं तेल तापलंय."

मिस्टर स्टॅग दारातच उभे. कोटाच्या आतून त्यांनी एक कुंडी काढली. ठिपक्यांची दोन पानं, मधे कळ्यांचा तुरा, आणि खालच्या कळीला मोरपिशी टोक.

"तू फेकलेल्या लगद्यात वाटाण्याएवढा एक कंद हाताला कडक लागला," ते कुंडीकडे बघत म्हणाले. "शेडच्या खिडकीत ठेवला. सांगितलं नाही. म्हटलं, पुन्हा मेला तर?"

"उन्हाळ्यात पाणी?"

"थेंब नाही. बायको झारी घेऊन निघाली, तर मी शेडची किल्ली खिशात घातली. अजून बोलत नाही माझ्याशी."

आता ते सहीसाठी पेन मागताहेत. पेन मी देणार नाही. मेव्हिसबाई, दुसरा साक्षीदार शोधा. यांचं नाव मला वर, कलम पाचमध्ये लिहायचंय.