आद्य संशोधक

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही गोडगोड येईल अशी वाट बघू नका. निवृत्त होऊन मी सानगडीला परत आले आहे. छोटंसं घर बांधलंय, सकाळी तलावाच्या पाळीवरून फिरून येते, बीपीची गोळी घेते आणि कुणावर न चिडता दिवस काढते. म्हणजे परवापर्यंत काढत होते. परवा तुमच्या आंधळगावच्या शाळेचे मुख्याध्यापक आले, आणि त्यांच्यासोबत गाडीतून काकू, तुमच्या पत्नी. शाळेच्या नव्या प्रयोगशाळेला तुमचं नाव देणार आहेत. मधे शरीराच्या रोगप्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशींवर काम करणाऱ्यांना जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, तेव्हा गावात कुणाला तरी आठवलं की आपले सर तर याच पेशींबद्दल बोलायचे. म्हणून दगड कोरायला द्यायचा आहे. वर तुमचं नाव आणि खाली ‘नियामक टी पेशींचे आद्य संशोधक’. मी उद्घाटनाला यावं, चार शब्द बोलावे, असा त्यांचा आग्रह. “तुमी त्यायच्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यार्थिनी, मॅडम,” मुख्याध्यापक म्हणाले. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं की दगडावरची दुसरी ओळ खोटी आहे, ती कोरू नका.

न्याय करायचा म्हणून तुमचं चांगलं आधी लिहिते. ते थोडंच आहे, लवकर संपेल. रविवारची दुपार असायची. तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात काकू लाखोरीच्या डाळीचे वडे तळताहेत, आणि तुम्ही पाटावर बसून मला समजावताय. लॅबमध्ये तुमची मराठी कडक इस्त्रीची, पण घरात चपला काढल्या की थेट आंधळगाव. “पोरी, गावात भांडन झालं तं मारनारे असतेत, तसे हात धरनारेबी असतेत का नाई? मंग आंगातबी असतीनच.” रोगाशी लढणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या त्या पेशी. तेव्हा त्यांना सप्रेसर टी पेशी म्हणत. त्यांचा आवर सुटला तर फौज आपल्याच शरीरावर उलटते. वडा हातातच राहिला, इतकं मला ते पटलं, आणि त्या एका वाक्यावर मी अख्खं आयुष्य लावलं. परदेशातून तुम्ही मला बाकदार टोकाची बारीक कात्री आणून दिली होती. ती मी कुणाला उसनीसुद्धा दिली नाही. झालं, चांगलं संपलं.

मग त्या पेशींची हवा गेली. ज्या जनुकाच्या भरवशावर जगभर इतकं लिहिलं गेलं होतं, ते असायला हवं त्या जागी सापडेचना. परिषदांमध्ये सप्रेसर म्हटलं की लोक एकमेकांकडे बघून हसायचे. तुम्ही घाबरलात. ज्या शब्दावर तुम्ही नाव कमावलं, परदेशवाऱ्या केल्या, त्या शब्दाला लॅबमध्ये बंदी झाली. भीतीबद्दल माझी तक्रार नाही. भीती कुणालाही वाटते, मलाही वाटत होती, माझी तर फेलोशिप संपत आली होती. पण बंदीच्या आधी, तुमच्याच परवानगीने, मी एक प्रयोग सुरू केलेला होता आणि ते उंदीर अजून जिवंत होते.

तीन दिवसांची पिल्लं. शेंगदाण्याएवढी, गुलाबी. बर्फावर ठेवून बधिर करायची, तुमच्या कात्रीने छातीवर एवढीशी चीर द्यायची, आणि दिव्यावर ओढून बारीक केलेल्या काचेच्या नळीने आतली थायमस ग्रंथी अलगद ओढून घ्यायची. टी पेशी तयार होतात ती हीच ग्रंथी. कित्येक पिल्लं माझ्या हातात गेली, मग हात बसला. मोठी झाल्यावर त्यांतल्या माद्या खंगायला लागल्या. अंडाशय सुकलेले, कुणाच्या जठराचं अस्तर खाल्लेलं, आणि खाणाऱ्या पेशी त्यांच्या स्वतःच्याच. ज्या पिल्लांची ग्रंथी मी आठवडाभर उशिरा काढली होती ती मात्र ठणठणीत. खोली तीच, खाणं तेच, हात तोच. मी काचपट्ट्या घेऊन धावतच तुमच्याकडे येते. बाकीची मुलं तिथेच उभी आहेत. तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत नाही. माझ्या हातांकडे बघता.

“हात धुऊन काम करतेस ना? गावाकडे चालतं तसं इथे चालत नाही. हा साधा संसर्ग आहे. सगळे उंदीर मारा आणि पिंजरे उकळून घ्या.”

मुलं हसली. मी म्हटलं, संसर्ग असता तर बाजूच्याच पिंजऱ्यातले धडधाकट कसे? तुम्ही म्हणालात, वाद घालू नकोस. सर, आंधळगाव आणि सानगडी एकाच जिल्ह्यात आहेत. माझे हात धानाच्या ज्या बांधीच्या चिखलातून आले, तसल्याच चिखलातून तुमचेही आले होते. ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं आणि तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच तुम्ही ते वाक्य निवडलंत. शहरातल्या एखाद्या प्राध्यापकाने म्हटलं असतं तर मी विसरलेही असते. संध्याकाळपर्यंत पिंजरे रिकामे झाले, आणि मला दुसऱ्या विषयावर प्रबंध लिहावा लागला.

पुढे दुसऱ्यांनी, दूर देशांत, ते लावून धरलं. लढणाऱ्या पेशी थायमसमधून आधी बाहेर पडतात आणि आवरणाऱ्या थोड्या मागून. तिसऱ्या दिवशी ग्रंथी काढली की मारणारे बाहेर आणि हात धरणारे आतच राहिले. तुमच्या स्वयंपाकघरातलंच वाक्य होतं हो ते! नाव तेवढं बदललं, सप्रेसरच्या ऐवजी रेग्युलेटरी, नियामक. मी परत त्या वाटेला लागले तेव्हा केस पिकायला लागले होते. स्वतःची लॅब झाली, विद्यार्थी झाले, संधिवाताच्या रोग्यांमध्ये या पेशी कशा हतबल होतात त्यावर बरं काम झालं, लोकांनी दखल घेतली. पण जे मी सगळ्यांच्या आधी बघू शकले असते, ते सगळ्यांच्या मागून बघितलं. आणि तुम्ही निवृत्तीनंतर वर्तमानपत्रात मुलाखत दिलीत, “हे आम्ही आमच्या प्रयोगशाळेत कधीच पाहिलं होतं.” पाहिलं होतं! डोळा न लावता! तुम्हाला जाब विचारायला यायचं मी ठरवत राहिले, आणि तुम्ही सोयीस्करपणे मरून मोकळे झालात.

हे सगळं मी परवा त्या दोघांना सांगितलं, एवढं शिस्तीत नाही, आवाज चढवून. मुख्याध्यापक गोंधळले. बिचारे म्हणाले, पत्रिका छापून झाल्या आहेत. काकू मात्र शांत होत्या. त्या आता फार थकल्या आहेत, सर.

“लिवू द्या ना बाई,” त्या म्हणाल्या. “गेला मानूस. दगडावरच्या दोन शब्दानं कोनाचं काय जाते?”

“माहं जाते, काकू.” इतक्या वर्षांनी ती बोली माझ्या तोंडून आपोआप निघाली. “उद्या एखादी पोरगी तो दगड वाचीन, अन् तिले वाटन का असं न पाहताच शोध लागते.”

काकूंनी कप खाली ठेवला. मग विचारलं, “त्यायनं तुमच्या हाताले नाव ठेवलं?”

“हो. सगळ्यांसमोर.”

“मलेबी तसंच म्हनत,” त्या म्हणाल्या. “भाजी चांगली झाली तं म्हनत, वांगेच चांगले होते. अन् बिघडली का म्हनत, तुहा हात बिघडला. जनमभर आयकलं मी.” मग मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाल्या, “खालची लाइन काढून टाका, गुरुजी. नुसतं नाव लिवा. शिकवत होते, म्हनून लिवा.”

मुख्याध्यापकांनी काहीतरी पुटपुटून बघितलं. काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही, माझ्याकडे अजून थोडा चहा मागितला. जाताना त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि गाडीत बसल्या.

तर दगडावर आता ‘विज्ञान शिक्षक’ एवढंच येईल. तेवढं तुमच्या वाट्याचं आहे, ते मी नाकारत नाही. कार्यक्रमाला मी जाणार नाही. तुमच्याबद्दल चांगलं बोलवणार नाही, आणि वाईट बोलले तर पहिल्या रांगेत काकू बसलेल्या असतील. हा कागदही कुणाला दाखवणार नाही, त्यांना तर नाहीच.

फक्त एक गोष्ट, आणि ती तुम्ही जिवंत असतात तर मी मेले तरी कबूल केली नसती. ती मुलाखत हातात आली तेव्हा तुमचा दावा मी नंतर वाचला. आधी माझं नाव शोधलं. वरून खाली, परत खालून वर. ‘आमच्या सानगडीच्या पोरीनं पाहिलं होतं’ एवढं एक वाक्य तुम्ही म्हटलं असतंत, तर बाकीचा सगळा शोध मी तुम्हाला असाच देऊन टाकला असता.