कार्ड थांबायच्या आधी

१२ फेब्रुवारी, सोमवार

विनायकभैयांनी आज सगळ्यांसमोर मला तोंडघशी पाडलं.

सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमध्ये आमचं तपासणीचं मशीन शुक्रवारी तीनदा बंद पडलं. मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी विचारलं, गडबड कुणाची? भैया पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "ड्रायव्हर राधिका का लिखा हुआ है, सर." मशीनचा कॅमेरा चालवणारा प्रोग्राम, तो मी लिहिलाय. झालं. आमच्या टीमचे प्रमुख, नागपूरचे, बाबांच्या ओळखीचे, माझ्या डब्यातली पाटवडी रोज खाणारे – आणि हे बोलले!

ज्याची चूक निघेल त्याचा करार मार्चमध्ये वाढणार नाही.

१३ फेब्रुवारी

डोकं शांत करून लिहिते. कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणारं कार्ड तापलेल्या लोखंडाचे फोटो थेट मेमरीत टाकतं. प्रत्येक फोटोची नक्कल करत बसलं तर उशीर होतो. म्हणून माझा ड्रायव्हर तीच मेमरी वरच्या, फोटो तपासणाऱ्या प्रोग्रामला सरळ वापरायला देतो. जागा एकच, वापरणारे दोघे. प्रोग्राम बंद झाला की आधी कार्डला थांबवायचं, ते खरंच थांबेपर्यंत वाट बघायची, मगच जागा मोकळी करायची. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला मिळते आणि कार्ड आपलं तिथे लिहीतच सुटतं. सिलतऱ्यात तेच झालं – तापमानाच्या आकड्यांवर फोटो उमटले.

वाट बघायच्या तीन ओळी मी लिहिल्या होत्या! डेमोच्या दिवशी लॅबमध्ये भैया माझ्या पाठीशी उभे होते. "बंद व्हायले इतका टाइम काहून लागून राहिला? काढ ते. मी आहो ना." मी म्हटलं, भैया, तेवढा एक मेल टाका. "आपसात काय मेल-गिल करतं?"

काढल्या. मूर्ख मी.

१४ फेब्रुवारी

भैयांना जिन्यात गाठलं. "मी कधी म्हटलं? तुले नीट आठवते का?" डोळे मोबाइलवर. मी ताडताड जिना उतरले. घरी येऊन बाबांवर ओरडले. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष?

१५ फेब्रुवारी

सोनिया माझ्या शेजारी बसते, वरचा प्रोग्राम तिचा. ब्राह्मणपाऱ्यातून आम्ही दोघी माझ्याच स्कूटीवर येतो. नव्या रायपुरात बसच्या भरवशावर राहिलं तर पोचलोच. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. वाट बघायच्या ओळी गायब आहेत हे आता सगळ्यांना कळलंय. आज ती साहेबांच्या केबिनमध्ये स्वतःहून गेली. "सर, राधिका ऐसी चीज़ नहीं निकालती. किसी और का काम होगा."

बाथरूममध्ये जाऊन रडले. अख्ख्या ऑफिसात एकच माणूस माझ्या बाजूने.

१६ फेब्रुवारी

साहेबांनी मलाच सांगितलं, त्या ओळी कधी गेल्या, कुणी काढल्या, कोडमधल्या बदलांच्या रेकॉर्डमधून शोधून सोमवारी लेखी द्या.

शोधलं. तारीख डेमोचीच. नाव – सोनिया.

दोनदा बघितलं. मग लक्षात आलं. कार्ड लावलेला कॉम्प्युटर लॅबमध्ये एकच. सकाळी जो आधी येतो तो आपल्या नावाने उघडतो, आणि दिवसभर सगळे त्यावरच काम उरकतात. सारखा पासवर्ड कोण घालत बसणार? त्या दिवशी मी खाली गाडी लावत होते, सोनिया आधी वर गेली होती.

ओळी मी काढल्या हे फक्त भैयांना माहीत आहे. ते बोलणार नाहीत. बोलले तर आपण तिथे उभे होतो, हेही कबूल करावं लागेल.

१७ फेब्रुवारी

सोनियाचा फोन. "रिपोर्ट लिख ली? डरना मत." हो म्हटलं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट दिला. रेकॉर्डमध्ये होतं तेच नाव लिहिलं.

चार वाजता साहेबांनी सोनियाला बोलावलं. उठताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तेरे बारे में ही पूछेंगे. मैं सँभाल लूँगी."