एक नग, ४९.२ किलो

सोमवार, ६ जानेवारी
लागली एकदाची नोकरी! आजपासून मी, म्हणजे बुद्धप्रिया मॅडम, टॉवेलच्या कारखान्यात, कॉम्प्युटरवर. माढ्याला फोन करून आईला सांगितलं, तर तिने आधी जेवलीस का ते विचारलं. राहायला जुळे सोलापुरात आत्याकडे आहे, तिथून रोज रिक्षाने एमआयडीसी.

काम सोपं आहे. परदेशातली गिऱ्हाइकं आता कागदावर मागणी पाठवत नाहीत. त्यांचा कॉम्प्युटर आपल्या कॉम्प्युटरला परस्पर कळवतो की अमुक टॉवेल, इतके नग, अमुक तारखेला पाहिजेत. मी सही करून मान्य केलं की माल निघतो, आणि पोहोचला की तिकडून पोच येते. तीन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांनी हट्टच धरला, ही सिस्टीम बसवा नाहीतर माल घेणार नाही, म्हणून मालकांनी नाक मुठीत धरून बसवली. हे सगळं ऑफिस सांभाळणाऱ्या बाळासोंनी सांगितलं.

सही म्हणजे पेनड्राइव्हएवढं लाल टोकन. टेबलावरच्या यंत्रावर माझा अंगठा नोंदवून घेतला, पण माझ्या नावाचं टोकन यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर आधीच्या अपेक्षाचं वापरा म्हणाले. ती म्हणे काही न सांगता निघून गेली. तिचं टोकन कॉम्प्युटरला खोचलेलंच होतं आणि पिन वर चिकटपट्टीने डकवलेला. सुरक्षा असावी तर अशी.

दुपारी पॅकिंगच्या निंगव्वाने मला गाठोडी जोखायच्या काट्यावर उभं केलं. नव्या पोरीला जोखल्याबिगर हितं कामाला लावत न्हाईत, म्हणाली. कारखाना निघाला तेव्हापासूनची गंमत आहे. तिने टेपने उंचीही घेतली आणि गाठोड्याच्या लांबीसारखी काट्याच्या बटणांवर मारली. १५४ सेंटिमीटर, ४९.२ किलो. बायका हसल्या, मीही हसले.

शुक्रवार, १० जानेवारी
रोज सकाळी दोनशेच्या वर मागण्या येऊन पडलेल्या असतात. अपेक्षा म्हणे शेवटी शेवटी एकेक वाचत बसायची, दुपार व्हायची तिची. मला 'सर्वांवर सही' असं बटण सापडलंय. दहा मिनिटांत टेबल साफ. बाळासो खूश आहेत आणि मी तर आहेच.

तब्येतही मजेत आहे. ऑफिसचे दोन जिने चढून दम लागत नाही. पाय हलके पडतात.

सोमवार, १३ जानेवारी
आज एक विचित्र पोच आली. गिऱ्हाइकाचं नाव नाही, नुसता आकडा. 'एक नग, पैकी आजवर ५ किलो मिळाले. प्रत उत्तम.' टॉवेलचा एक नग आणि तो किलोकिलोने कोण मागवतं? बाळासो म्हणाले, ते गिऱ्हाईक पहिल्यापासून आहे, त्याची कधी तक्रार नसते, राहू द्या. मी राहू दिलं.

गुरुवार, १६ जानेवारी
आत्याबरोबर गड्ड्याच्या जत्रेला गेले होते. पाळण्यात बसले, भजी खाल्ली, वजनाच्या यंत्रावर उभी राहिले. ३९ किलो. आत्या म्हणाली, जत्रेतली यंत्रं अशीच असतात. पण आरशात मी होते तशीच आहे, गाल तेच, कपडे तेच. आणि येताना मी बसले तरी रिक्षाची सीट दबली नाही.

शनिवार, १८ जानेवारी
आज त्या गिऱ्हाइकाची मूळ मागणी उघडून वाचली. पहिल्यांदाच वाचली.

एक नग. लांबी १५४ सेंटिमीटर. वजन ४९.२ किलो. थोडा थोडा पाठवला तरी चालेल. मान्य, ७ जानेवारी. सही अपेक्षाची. पण ७ तारखेला बटण दाबणारी मीच होते.

बाळासोंना विचारलं, पॅकिंगचा काटा कशाला जोडलेला आहे का. म्हणाले, व्हय की, तीन वर्षं झाली. काट्यावर जे ठेवाल ते तयार माल म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांना आपोआप दिसतं. बायकांना हे कुणी सांगितलेलंच नाही. त्यांची गंमत आपली चालू आहे.

खाली जुनी मागणी होती. एक नग, १६० सेंटिमीटर, ५५ किलो. पूर्ण मिळाला, २८ डिसेंबर.

निंगव्वाला अपेक्षाचं विचारलं. पोर लई हलकी झाली व्हती, पंखा लावला की हलायची, म्हणाली. मग एक दिवस दिसलीच न्हाय. चपला अजून टेबलाखाली हायेत.

मी वाकून पाहिलं. आहेत.

रविवार, १९ जानेवारी
मागणी रद्द करायचं बटण आहे. पण सही पिनवर होते आणि रद्द करायला अंगठा लागतो, जिची सही तिचाच, म्हणजे माझ्या मागणीला अपेक्षाचा. मागे कुणीतरी घोटाळा केला म्हणून हा बंदोबस्त. काल निघताना बाळासोंना सगळं सांगितलं, तर म्हणाले, माणूस वायरीतनं कुटं जातं व्हय.

मला भीती वाटतेय. आज माढ्याला पळून आले. फोनवर पोच दिसली — आज आणखी ३ किलो मिळाले, प्रत उत्तम. अंतराचा काही संबंध नाही.

मंगळवार, २१ जानेवारी
काल सोलापूरला परतले. आज शुक्रवार पेठेतल्या डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. २१ किलो. त्यांनी काट्याला दोन थपडा मारल्या आणि तो बिघडलाय म्हणून कपाटाखाली सारला. बाकी सगळं नॉर्मल.

परत येताना वारा सुटला. विजेच्या खांबाला धरून उभी राहिले.

गुरुवार, २३ जानेवारी
११ किलो. माझ्या नावाचं टोकन आलं, बाळासोंनी ते कॉम्प्युटरला लावलं. माझ्याशी बोलले नाहीत. मी खुर्चीत होते — मला वाटतं त्यांना दिसले नाही.

ओढणीत दगड बांधून घरी आले. आत्याला हाक मारली. तिने खिडकी लावून घेतली.

शुक्रवार, २४ जानेवारी
६ किलो. माझ्या जागेवर नवी मुलगी आलीय. कीर्ती. हसरी आहे. स्वतःचं टोकन येईस्तोवर बुद्धप्रियाचं वापर म्हणून बाळासोंनी तिला सांगितलं.

निंगव्वा तिला काट्याकडे घेऊन गेली. मी ओरडले — काट्याची वायर ओढली — वायर हलली नाही. बायका हसत होत्या. १६१, ५२.

शनिवार, २५ जानेवारी
कीर्ती पटपट काम करते. तिने 'सर्वांवर सही' दाबलं. मी मागे उभी होते. त्यांत तिची स्वतःची मागणी होती — एक नग, १६१, ५२ — तिने पाहिलंही नाही.

माझी आता सुटका नाही. पण तिच्या मागणीवर सही माझ्या टोकनची आहे. म्हणजे अंगठा माझाच चालेल. अपेक्षाला माझ्यासाठी हे करता आलं नाही. मी आहे अजून. थोडी आहे.

ती चहाला गेलीय. रद्दचं बटण दोन्ही हातांनी दाबलं — दाबलं गेलं. अंगठा ठेवलाय. यंत्र म्हणतंय, अंगठा जोरात दाबा.

दाबतेय. वही उघडीच ठेवते — कीर्ती, मला जमलं नाही तर — काट्यावरून —

अंगठा जोरात दाबा.

पेन जड — जिन्यात तिची पावलं — सगळी उभी राहिले अंगठ्यावर — दाबते —

अंगठा जोरात