गस्तीची पाळी

मंगळवार, तारीख चौदा

चि. गुंड्यास आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघा आहे तसाच आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मध्येच 'आई ऐक, आई ऐक' करतोस, म्हणून कागद घेतला. येत्या रविवारी गाडी पाठवू का, माझ्याकडे राहायला येशील का, असं विचारलंस. त्याचं सांगते. आधी इथलं ऐक.

कोपऱ्यावरच्या बंगल्याने कुंपण दोन वीत उंच केलं, त्यावरून कमिटीची सभा झाली. सगळी शिकलेली माणसं तासभर भांडली आणि ठरलं काय, तर पुन्हा सभा घ्यायची. समोरच्यांच्या कुत्र्याला फिरवायला आता वेगळा माणूस येतो. कुत्रा बारीक झाला, मालक जाड झाला. तळ्याकाठी नवं बाक बसवलंय. त्यावर पाटी, बसू नका, रंग ओला आहे. रंग कधीचा वाळला, पाटी काढायला कुणाला सवड नाही.

टिंगी बरी आहे. तिचा पुढचा दात पडला. बाबा कामासाठी परगावी गेलाय असं तुम्ही नवराबायकोने तिला सांगून ठेवलंत. महिना होत आला. एवढं कसलं काम, असं ती एकदाही विचारत नाही. तेच मला खटकतं.

आता कॉलनीच्या गस्तीचं. शुक्रवारी तुझी पाळी होती. विसरलास ना? फळ्यावर तुझंच नाव, जोडीला दातांचे डॉक्टर. नाव काढायचं तर कमिटीला कारण सांगावं लागतं, आणि तुझी बायको काय कारण सांगणार? ती रोज सकाळी तुझे बूट पायरीवर ठेवायची, संध्याकाळी आत घ्यायची. लोकांना वाटावं, तू घरात आहेस. मी म्हटलं, "अगं, दमले असतील ते आत-बाहेर करून." हसली नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी बेल वाजवली. ती जिन्यात उभी, पांढरीफटक. मग मीच तुझं ते चमकपट्ट्यांचं जाकीट चढवलं. गुडघ्यापर्यंत आलं. शिट्टी गळ्यात अडकवली, बॅटरी घेतली नि निघाले.

"आजी, तुम्ही? साहेब कुठायत?"

"चला हो, चोर काय आपल्यासाठी थांबणारेत?"

तळ्यापाशी पोचलो तसे डॉक्टर थांबले. मग हळूच म्हणाले, "त्यांची गाडी मला रोज दिसते. माझ्या दवाखान्यासमोरच्या इमारतीत. मी कुणाला बोललो नाही हं." दातांचा माणूस, दुसऱ्याचं तोंड उघडायची सवयच त्याला. मी म्हटलं, "तो घर सोडून गेलाय. मारामारी नाही, काही नाही. जमत नाही म्हणाला." बोलून गेले आणि तशीच पुढे निघाले. तोवर मी हे स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "इकडून या, तिथे खड्डा आहे." भला माणूस.

घरी येऊन सुनेला सांगितलं. अशी भडकली!

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला? आता सगळ्या कॉलनीत होईल!"

"होऊ दे. कुंपणाचं तरी मागे पडेल."

"तुमचं काय जातंय, आई? तुमचा मुलगा आहे तो, तुम्ही पुढच्या रविवारी जाल तिकडे. लोकांना तोंड मला द्यायचंय."

म्हणजे तिला ठाऊक होतं. मला कुठे ठेवायचं ते तू तिच्याशी ठरवलंस, मग मला विचारलंस. मी काय कपाट आहे?

ती जिन्यावर बसली. मग म्हणाली, "काढा ते जाकीट. पायात येऊन पडाल." चेन अडकली होती. ती मान खाली घालून ओढत बसली, आणि तिच्या नाकातलं पाणी माझ्या हातावर पडलं. आमचं कधी पटलं नाही, तुला माहीत आहे. खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद, इथपासून. पण चेन निघेपर्यंत आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

दुसऱ्या दिवशी पायरीवर बूट नव्हते.

रविवारचं. गाडी पाठवू नकोस, मी येत नाही. रुसले म्हणून नव्हे, माझं काय ते वय आहे रुसायचं? तुमचं दोघांचं जमत नाही, तर नाही. त्यात मी नाक खुपसणार नाही. पण तू मोठा आहेस, भूक लागली तर वाढून घेशील. इथे एक माणूस आधीच उठून गेलंय. पाठोपाठ मी उठले, तर ती पोर कुणाकडे बघून जेवेल?

तू स्वतः ये. टिंगीला खरं काय ते तू सांग, तुझ्या तोंडाने. ते काम मी करणार नाही आणि तुझ्या बायकोच्या गळ्यातही घालू नकोस. ती रडली तर रडू दे, उठून जाऊ नकोस. माझ्या हातचं जेव आणि मग जा.

किल्ली तुझ्याकडे आहे. तरी बेल वाजव. दार मी उघडेन.

तुझी आई,
मुक्काम सुनेच्या घरी