नाव पाण्यावर उठली

१६ जानेवारी ६६, उंद्री

चालली! वल्हं नाही, शीड नाही, बाहेर पंखा नाही. नुसत्या पंपाच्या पाण्यावर नाव चालली. पाच हॉर्सचं ऑइल इंजिन नावेत बसवलं, त्याला विहिरीवरचा पंप. बुडाच्या भोकातून पाणी वर ओढतो, मागच्या नळीतून फेकतो. पाणी मागं, नाव पुढं. याकूब लेथवर मान खाली घालून काम करणारा माणूस, वर्कशॉपात माझा बरोबरीचा भागीदार, कधी मोठ्यानं बोलत नाही. आज पाण्यात उभा राहून ओरडला.

माझ्या बायकोचे, कमलचे, वडील पाहायला आले होते. मामाजी धरणाच्या भिंतीवरून आमच्या बरोबरीनं चालत होते. मधी थांबले, तंबाखू मळली, एकाशी बोलले, आणि तरी आमच्या आधी टोकाला पोचले.

"जवाईबापू, नाव झकास आहे. पण मी आपला पायीच येत जाईन."

सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू टिकलं नाही.

१९ जाने.

आज पुन्हा एकानं विचारलं, साधा पंखा काऊन नाही लावत? लावला होता बाबा. पाण्याखाली बाभळी अजून जशाच्या तशा उभ्या आहेत. पहिल्याच फेरीत पाती मोडली. म्हणून तर बुडाखाली काही लोंबणार नाही अशी नाव.

तलाव भरला तसं कमलचं माहेर पल्याड गेलं. भिंतीवरून घराच्या छपराचे कवेलू दिसतात, कोणाच्या चुलीचा धूर तेही ती सांगते. पण भिंतीच्या टोकाशी सांडव्यानं वाट तोडली, आणि गाडीवाटेनं वळसा म्हणजे अख्खा दिवस. डोंगा आहे, वारा सुटला की तो काठालाच. कमल तक्रार करत नाही. भिंतीवर जाऊन उभी राहते, तेवढंच.

२६ जाने.

झेंडावंदनानंतर आबासाहेबांनी बोलावलं. गावातली मोठी जमीन त्यांची, मन पण मोठं. म्हणाले, "माझं दहा हॉर्सचं इंजिन नेऊन बसवा. दुप्पट ताकद, दुप्पट वेग. सोपा हिशोब आहे."

मलाही सोपा वाटला.

२ फेब्रु.

दहा हॉर्स बसवलं. बैलगाडीतून उतरवायलाच गडी कमी पडले. नावेचा मागचा भाग बसला, पुढचा वर आला, चढावर लागलेल्या गाडीसारखा. इंजिन असं धडधडलं की काठावरची जनावरं पळाली. नावेसमोर पाण्याचा नुसता ढीग. आणि वेग? मामाजींना आज जरा भरभर चालावं लागलं. झालं.

आबासाहेब म्हणाले, "काही बिघाड असेल." बिघाड नाही. तीन वेळा उघडून पाहिलं. इंजिन उत्तम.

५ फेब्रु.

जेवताना कमल म्हणाली, "अहो, कमरेइतक्या पाण्यातून हळू चाललं तर पाणी वाट देते. पळून पाहा, मंग तेच पाणी आडवं येते. तुम्ही पाण्याले वाटच देऊन नाही राह्यले."

हात धुवून पाटी घेऊन बसलो. शाळेतलं आठवलं ते मांडलं. वेग दुप्पट केला तर पाण्याचा अडथळा चौपट. तो दुप्पट वेगानं ढकलायचा, म्हणजे ताकद आठपट! उलट धरलं तर दुप्पट ताकदीला वेग जेमतेम सव्वापट. वर त्या धुडाचं वजन, तेही नावेच्याच डोक्यावर.

म्हणजे मामाजींचं भरभर चालणं गणितात बसते. वाईट वाटायला पाहिजे होतं. उलट फार बरं वाटलं. इंजिन खोटं नाही, याकूबचं काम खोटं नाही. आमची मागणीच चुकीची होती.

६ फेब्रु.

याकूबला पाटी दाखवली. बराच वेळ पाहून म्हणाला, "मंग पाण्यातून जायचंच काऊन? पाण्याच्या वरून जाऊ ना. आपण पोरं असताना चपटा दगड फेकायचो, तो कुठं बुडून जात होता?"

बुड चपटं. मागून रुंद. वजन कमी, ताकद जास्त. म्हणजे ऑइल इंजिन नाहीच. पेट्रोलचं पाहिजे.

१३ फेब्रु.

बुलढाण्याला जाऊन आलो. बसच्या टपावरून जुन्या जीपचं इंजिन आणलं. कंडक्टरशी वाद, मग मैत्री. जीपचा सांगाडा गंजून गेलेला, इंजिनाचा जीव मात्र शाबूत. चाळीसच्या आसपास हॉर्स, आणि वजन त्या दहावाल्याच्या निम्मंही नाही.

२७ फेब्रु.

नोंदी राहिल्या. वेळच नाही. जुनी नाव मोडली, नवी बांधली. पंपही बदलला: लांब नळी, तिच्या आतच पंखा, पाणी सरळ मागं. पंखा याकूबनं पुन्हा पुन्हा कातला. खालच्या भोकावर जाळी, शेवाळ अडकू नये म्हणून. मागची नळी दांड्यानं डावी-उजवी वळते, तेच सुकाणू.

दांडा कोणाच्या हातात, यावर चर्चा झालीच नाही. कमल जाऊन बसली. बुडालेल्या शिवारात कुठं विहिरीचा कठडा, कुठं बाभूळबन, तिच्याइतकं कोणाला माहीत? तिच्याच बापाचं वावर आहे ते.

४ मार्च

आज नवी नाव पाण्यात घातली.

आधी तेच झालं. मागं बसली, पुढं उचलली, समोर पाण्याचा ढीग. मी म्हटलं, गेलं. कमलनं मागं न पाहता हात वर केला, आणखी दे. दिलं. इंजिनाचा आवाज बदलला. नाव त्या ढिगावर चढली, पलीकडं उतरली आणि एकदम सपाट झाली. पाणी बाजूला गेलं. खाली नुसतं टपटप, टपटप. याकूब नमाजाला बसावा तसा गुडघ्यावर.

भिंतीवर एक जण सायकल मारत होता. तो लहान लहान होत गेला.

आठपट ताकदीला दुप्पट वेग, असं माझी पाटी म्हणत होती. पाटी हरली. अशी हार रोज यावी.

मामाजी पल्याड काठावर उभे होते. कमल उतरली तेव्हा म्हणाले, "तूच चालोत होती?" "हाव बाबा." त्यांनी नावेकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, टोपी काढून पुन्हा घातली. घरात जाऊन गूळ आणला आणि आधी तिच्या हातावर ठेवला, मग माझ्या.

१७ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

मॅट्रिकची परीक्षा, सेंटर चिखलीला. पल्याडची मुलं-मुली सकाळी डोंग्यानं येऊन इकडून बस धरणार होती. समोरून वारा असा की डोंगा अर्ध्यातून परत गेला. मामाजींनी काठावरून धोतर हलवलं. आम्ही निघालो.

पल्याड टेकताच सगळे एकदम चढले. त्यात तीन मुली, त्या गावातून मॅट्रिकला बसणाऱ्या पहिल्याच. निघालो, पण नाव उठेना. मी ताकद दिली, आणखी दिली, पूर्ण दिली. चाळीस हॉर्स ओरडताहेत आणि नाव आपल्याच लाटेमागं बसून! लाटा आत यायला लागल्या. एक मुलगी रडायला लागली, "बस जाते ना दादा, बस जाते."

मी अजून इंजिनाच्या मुठीवर जोर करत होतो. कमलनं नळी फिरवून नाव सरळ काठाला वळवली.

मी ओरडलो, "काय करून राह्यली? वेळ नाही!"

"म्हणूनच. अर्धे उतरा. दोन चकरा करते."

"दोन चकरा म्हणजे..."

"हलकी असली तर उडते. भरलेली तर रांगते. तुमच्याच पाटीवर आहे ना?"

पहिल्या चकरेत मुली. मीही उतरलो, माझं वजन काय कमी आहे? इंजिनावर याकूब, दांड्यावर कमल. नाव उठली. लाटांवर आपटत, पण उठलेली. विहिरीच्या कठड्याला वळसा घालून गेली. तिकडं उतरवून आली, उरलेल्यांना घेऊन पुन्हा गेली. मी मामाजींबरोबर पल्याडच, धुळीत.

बस मिळाली. थांबली होती म्हणा. ड्रायव्हर नाव पाहायला खाली उतरला होता.

मामाजी म्हणाले, "जवाईबापू, माह्या पोरीनं तुमचं ऐकलं नाही."

"नाही ऐकलं, मामाजी."

"बरं झालं."

अख्ख्या गावात आज माझ्याइतका मोठा माणूस नसेल. नाव मी केली, हे तर आहेच. पण ती माझी बायको आहे, हे मी रस्त्यात भेटेल त्याला सांगितलं.

२९ मार्च

परीक्षेची बातमी वर पोचली. तलावाचे साहेब आले. परवानगीशिवाय इंजिनाची नाव पाण्यात घालता येत नाही म्हणाले. माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे. कोणी बुडालं तर त्याला विचारणार.

"चालवतो कोण?"

"आमची मंडळी."

साहेब हसले. मग कमलनं चप्पल काढून नाव पाण्यात ढकलली आणि म्हणाली, "बसा." बसले. बाभूळबनाजवळून, विहिरीला वळसा, पल्याड टेकवून परत. साहेबांनी दोन्ही हातांनी फळी धरली होती. उतरल्यावर पँट पिळली, चहा घेतला.

"किती माणसं बसतील?"

कमल म्हणाली, "बसतील पुष्कळ. उठतील चार."

साहेबांना ते कळलं की नाही, सांगता येत नाही. म्हणाले, "कळवतो. तोपर्यंत बंद."

१० एप्रिल

कळवलं नाही. नाव काठावर ओढलेली. आबासाहेब म्हणतात, ट्रकचं इंजिन मिळते, ताकद दुप्पट, साहेबांना वेग दाखवू. मी पाटी काढली. पण मग वजनही बघावं लागेल, बुड लांब करावं लागेल... याकूबनं लाकडाची चौकशीसुद्धा करून ठेवली आहे. कमल म्हणते, आधी परवानगी येऊ द्या. आली नाही तर? ती जाळीतलं शेवाळ काढत राहिली.

संध्याकाळी भिंतीवर गेलो. पल्याडचे लोक काठावर जमलेले. आधी वाटलं भांडण आहे. मग फावडी दिसली. कमल नाव टेकवते तिथंच, पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या खोदून राह्यले. सगळ्यात खाली, गुडघाभर पाण्यात, मामाजी.