चुलीतल्या तीन गोळ्या

गुरुवार, संध्याकाळ

काल लिहिलं की गोळ्या चुलीत पडल्या. ते खोटं आहे. आईनं घरी पाटीवर अक्षरं शिकवतानाच बजावलं होतं, चुकलेलं झाकायचं नाही. गोळ्या सासूबाईंनी हिसकावून चुलीत टाकल्या. मी काढायला वाकले, तर फुंकणी मनगटावर हाणली.

"लेकरू नको म्हणून खाऊन राहिली ना?"

"न्हाई, लघवीला आग होते."

"मंग उन्हाळी लागली. धने भिजवलेलं पानी पे!"

नवरा दारातून म्हणाला, "अजून एक हाण तिला, आये."

माझंच चुकलं का? आग थांबली तरी सगळ्या संपवा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. तीनच राहिल्या होत्या. तीनच. आज ताप आहे, लघवीत रक्त आहे.

वसमतच्या दवाखान्यात मनगटही दाखवीन. पडले म्हणणार नाही. सकाळच्या एसटीनं, उद्या, शुक्रवारी.