गोकुळाला खाली घेण्याबाबत

मी इतवारी गोविंदा पचारे, वय एकोणपन्नास, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, धंदा तलावातली मासेमारी व थोडी धानाची शेती, राहणार मौजा मोहटोली, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मी दारू पीत नाही आणि माझ्या मागे उभे राहून कोणी हे लिहून घेत नाही. बायकोच्या दुखण्याने इतवारीचे डोके फिरले, असे माझा मोठा भाऊ इस्तारी पानठेल्यावर सांगत असतो, म्हणून सरकारी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तसा दाखला इस्तारीनेही एकदा काढून पाहावा.

१. कारण. माझी पत्नी गोकुळा हिला गर्भपिशवीचा कॅन्सर आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळे करून पाहिले. शेवटी म्हणाले, आता घरी न्या, दुखणार नाही एवढे आपण बघू. तेव्हापासून ती समोरच्या खोलीत आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यातून नर्स करिश्माताई दर मंगळवारी येतात, जखमा धुतात, दुखण्याच्या गोळ्या देतात आणि मधल्या दिवसांत काय करायचे ते मला शिकवतात. आम्हाला मूलबाळ नाही. ती माझ्याआधी जाणार हे सगळेच धरून चालले होते, मीसुद्धा. पण दिवाळीनंतर तलावात माझा डोंगा उलटला आणि पाय जाळ्यात गुंतला. शेजारी लालसू मडावी काठावर होता म्हणून निघालो. पाण्याखाली देवाचे नाव आठवायला हवे होते. आठवले ते एवढेच, की मी मेलो तर हे लोक तिला पुन्हा खाली घेतील. पुन्हा का म्हणतो, ते कलम ४ मध्ये आहे.

२. घर. घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते गोकुळाच्या हयातीपर्यंत गोकुळाचे. तिला समोरच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवू नये. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वास येतो, अशी सूचना इंदूवहिनीने म्हणजे इस्तारीच्या बायकोने केली होती. ज्यांना वास येतो त्यांनी येऊ-जाऊ नये. त्या खिडकीतून तलाव दिसतो आणि तिला तो पाहायचा असतो.

३. पलंग. दांडा फिरवून वरखाली होणारा लोखंडी पलंग, हवेची गादी आणि तिची मोटर ही माझी मालमत्ता नाही. दवाखान्याने वापरायला दिली आहेत, ती परत जातील. हे लिहावे लागते, कारण गोकुळा जागी असताना, तिच्या उशाशी बसून, इंदूवहिनीने विचारले होते, "हा पलंग मंग कोनाले जाईन?"

मी म्हणालो, "दवाखान्याले."

"त्याईच्या जवळ तं लय असन. त्याईले काय कामाचा?"

४. खाली घेणे. आमच्याकडे माणसाला खाटेवर मरू देत नाहीत. श्वास आहे तोवर सारवलेल्या भुईवर घेतात, तोंडात पाणी आणि तुळशीचे पान घालतात. मी ही रीत मोडीत काढत नाही. माझ्या आईला मीच खाली घेतले होते. पण त्यासाठी मरण ओळखता यावे लागते.

पोळ्याच्या आधी करिश्माताईंनी गोळी वाढवून दिली आणि कित्येक दिवसांनी गोकुळाला गाढ झोप लागली. मी निश्चिंत होऊन मासळी घेऊन बाजाराला गेलो. इकडे इंदूवहिनी डोकावली, नाकाशी बोट धरले आणि ओरडली. इस्तारीने येऊन नाडी पाहिली. या माणसाला स्वतःच्या बैलाचे दुखणे बैल पडेपर्यंत कळत नाही. तो म्हणाला, "चालली."

इस्तारी हा तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्यात भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोला शिवायचे नसते. लग्न झाल्यापासून त्याच्यासमोर तिचा डोक्यावरचा पदर ढळलेला नाही. पाण्याचा गडवासुद्धा त्याने तिच्या हातातून घेतला नाही. तिने जमिनीवर ठेवायचा, मग त्याने उचलायचा. त्याच इस्तारीने तिच्या काखांत हात घालून तिला पलंगावरून ओढले. कोणीतरी टोकले तर म्हणे, "मरनाऱ्याले कायचा भासरा?"

मी परत आलो तेव्हा अंगणात बायका रडत होत्या आणि परसात तिरडीचे बांबू तासले जात होते. तोंडातल्या पाण्याने ठसका लागून गोकुळा जागी झाली होती.

"माह्या तोंडात पानी कोन ओतून राह्यलं? एवढ्या बाया काऊन रडून राह्यल्या? मेलं कोन?"

इंदूवहिनी म्हणाली, "तूच व बाई."

"मले तं कोनी सांगतलं नाई."

मी तिला उचलून पलंगावर ठेवले. घासत नेल्याने पाठीची जखम उघडी पडली होती. ती भरायला दसरा उजाडला. निरोप ऐकून सिरोंच्याकडून निघालेले पाहुणे दुसऱ्या दिवशी पोचले, पोटभर जेवले आणि निघताना त्यांनी मला विचारले, "मंग आता कवा येऊ?"

इस्तारीला जाब विचारला तर म्हणतो, "चुकलं असन. पन टायमात घेतलं पायजे ना? खाटेवर जीव गेला तं तिथीच अडकते." खाटेची उंची मोजत बसणारा देव इस्तारीचा असेल. मी रोज मारुतीपुढे दिवा लावतो, त्याने मला असे काही सांगितलेले नाही.

सबब, माझ्यामागे, गोकुळाचा श्वास थांबला असे नर्सने सांगेपर्यंत तिला पलंगावरून कोणीही खाली घेऊ नये.

५. गोळ्या. गोकुळा गेल्यावर उरलेल्या गोळ्या करिश्माताईंकडे परत द्याव्यात. तोवर त्या लालसूच्या ताब्यात राहतील. इंदूवहिनीने एकदा पाकीट तांदळाच्या कोठीत लपवले होते. ही अफू आहे, हिच्या नशेत तोंडी रामाचे नाव येत नाही, असे तिचे म्हणणे. त्या दिवशी गोळीवाचून गोकुळाच्या तोंडून जे आले ते रामाचे नाव नव्हते, ते अर्ध्या गावाने ऐकले. वेदनेने माणूस देवाजवळ जातो असे ज्यांना वाटते, त्यांनी आपली एक दाढ दुखेपर्यंत धीर धरावा.

६. शेती, डोंगा, जाळी. तलावाखालची धानाची बांधी लालसूने ठेक्याने द्यावी आणि येईल ते गोकुळाच्या दूध-औषधाला लावावे. तिच्यामागे ही बांधी, घर, डोंगा आणि सर्व जाळी इस्तारीचा मुलगा प्रफुल याला मिळावीत. मुलगा कमी बोलतो आणि पाण्यात त्याचा हात चांगला आहे. हे दोन्ही त्याला घरून मिळालेले नाही. मात्र गोकुळाबाबतची अट त्याच्या घरच्या कोणीही मोडली, तर हे सर्व मच्छीमार संस्थेला जाईल. बापाला आवरण्याची जबाबदारी त्याच्यावर.

७. माझा मोठा भाऊ इस्तारी यास, त्याने गोकुळासाठी घाईघाईने तोडून आणलेले आणि अजून आमच्या परसात पडून असलेले बांबू देतो. त्याने ते कारल्याच्या मांडवाला लावावेत. इंदूवहिनीस पितळेचा मोठा गंज, म्हणजे पातेले, देतो. तो तिने लग्नाला म्हणून नेला तेव्हापासून तिच्याच घरी आहे. मी फक्त कायदेशीर करून देत आहे.

८. माझी स्वतःची तेरवी करू नये. मला मात्र वाटेल तेव्हा खाली घ्यावे, मी तक्रार करणार नाही.

९. दुरुस्ती. वरचे सर्व लिहून झाल्यावर आज दुपारी मी ते गोकुळाला वाचून दाखवले. करिश्माताई पट्टी बदलत होत्या. बांबूच्या कलमाला गोकुळा हसली आणि हसल्याने दुखले म्हणून मला शिवी दिली. मग म्हणाली, "ते चवथ्याच्या शेवटचं खोडा."

"काऊन?"

"मले लोखंडावर मराचं नाई. माही माय भुईवर गेली. मी बी भुईवरच जाईन."

"अवो, याच लोकाईनं तुही पाठ सोलली."

"त्याईनं मले इचारलं नाई, ते वाईट. भुईनं काय केलं? मी सांगन तवा घ्या. सांगता नाई आलं तं गेल्यावर घ्या. मंग मी काई बोलत नाई."

"अन मीच नसन तं? कोन घेईन तुले?"

"भासरे घेतीन."

मला वाटले, गोळी बोलते आहे. मी करिश्माताईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, गोकुळाबाई शुद्धीत आहेत, लिहा. खाली घ्याल तेव्हा गादीसकट घ्या आणि मोटर चालू ठेवा.

गोकुळा म्हणाली, "एकडाव उचललंच हाये त्याईनं. आता कायची लाज? माहं वजन बी माहीत झालं. फकत म्हना, घासत नोका नेऊ, उचला."

सबब कलम ४ मधील शेवटची अट रद्द समजावी. त्याऐवजी, गोकुळा स्वतः सांगेल तेव्हा, आणि तिला सांगता आले नाही तर श्वास थांबल्यावर, तिला भुईवर घ्यावे. मी नसेन तर हे काम माझा मोठा भाऊ इस्तारी गोविंदा पचारे याने करावे. कलम ६ मधील अट म्हणजे आता ही अट.

यापुढे मी 'हे मला मान्य नाही' असे लिहिले होते. तिने तेही मोठ्याने वाचायला लावले आणि खोडायला लावले. खोडले आहे. खाडाखोडीजवळ माझी सही आणि तिचा अंगठा आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी लालसू मडावी याने करावी. आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

लिहून देणार : इतवारी गोविंदा पचारे (सही)

साक्षीदार :
१. लालसू कोत्तू मडावी, शेती, रा. मोहटोली (सही)
२. करिश्मा देवाजी रामटेके, परिचारिका (सही)

ठिकाण : मोहटोली, समोरची खोली
दिनांक : १० डिसेंबर २०२४, मंगळवार